नागफणीवरचा दुभाषी

एकोणीसशे छत्तीसच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हिमालयातलं तेवीस हजार फुटी शिखर चढणार होतो. मी लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबून घड्याळ बघण्याचं सोंग करतो. अशा माणसाने भलतंसलतं ठरवू नये, हे मला कोणीच सांगितलं नाही. बायकोने सांगितलं होतं, पण ते मी धरत नाही.

मोहीम खंडाळ्याच्या बंगल्यात राहणाऱ्या एका इंग्रज साहेबांची. पत्रव्यवहार, तळांची आखणी, शिध्याच्या याद्या मात्र सगळं माझं. दोन वर्षं खपून मी चाळीस पानी आराखडा केला होता. त्यात मी 'गिर्यारोहक' होतो आणि कुरवंड्याचा भिमाजी 'हमाल क्रमांक एक'. भिमाजी कड्यांवरची मधाची मोहोळं उतरवायचा, म्हणून मीच त्याला निवडला होता. दर रविवारी त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला हिमालय समजावून सांगत असे. पाहिला मीही नव्हता.

मार्चमध्ये साहेब म्हणाले, "आधी इथला नागफणीचा कडा चढून दाखवा, मग नावं पक्की करू."

भिमाजी माझंही ओझं पाठीवर घेऊन अनवाणीच वर गेला. मी शेवटच्या टप्प्यावर खडकाला जी मिठी मारली ती सुटेचना. अखेर भिमाजीने खाली येऊन मला बखोटीला धरून वर नेलं. वारा फार होता, असं मी आधीच वर पोचलेल्या साहेबांना सांगितलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

साहेबांना मराठी येत नव्हती. ते मला म्हणाले, "त्याला विचारा, हा माणूस हिमालयात चालेल का?"

हा माणूस म्हणजे मी. विचारलं.

"मास्तरांना न्याच, साहेब," भिमाजी म्हणाला. "दोन वर्सं दुसरं कायबी बोललं न्हाईत. त्यास्नी चढाय न्हाई जमायचं, पन म्या पाठीवर घिऊन जाईन."

पहिल्या वाक्यावर थांबलो असतो, तर माझं नाव पक्कं होतं. थांबणारही होतो. पण भिमाजी इतक्या भरवशाने माझ्या तोंडाकडे बघत होता की मला माझीच लाज वाटली. मी सगळं सांगितलं, अगदी पाठीसकट.

साहेबांनी माझ्या नावावर काट मारली आणि तिथे भिमाजीचं नाव लिहिलं.

"साहेब काय म्हनलं?"

"तुला नेतायत."

"आन तुमी?"

"मला शाळेतून रजा मिळत नाही."

मोहीम सुट्टीत बसावी म्हणून मी काय काय खटपटी केल्या, ते भिमाजीने माझ्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. त्याने उतरण्यासाठी दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"म्होरं व्हा, मास्तर," तो म्हणाला. "दोर माज्या हातात हाय."