गंज्याचा हात

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं गाड्यांचा गंज काढतोय. गिऱ्हाइकानं बॉनेट उघडलं की मी आधी त्याला झापतो आणि मग कामाचं बोलतो. तरी लोक येतात, कारण या रस्त्यावर माझ्यासारखं काम दुसरं कुणी करत नाही.

कंपनीतून गाडी येते तेव्हा इंजिनातल्या लोखंडावर काही ना काही लेप असतो. घोटाळा होतो तो बाहेरून घेऊन बसवलेल्या पार्ट्सचा. हौशी पोरं गाडीला जोर यावा म्हणून जाड पाइप, आडवे दांडे, नवे ब्रॅकेट बसवून घेतात. कुठल्या तरी शेडमध्ये वेल्डिंग केलेलं उघडं लोखंड ते. नवं असताना असं चकाकतं की पोरगं दिवसातून चारदा बॉनेट उघडून बघतं. चार महिन्यांनी तेच पोरगं तोंड पाडून माझ्या दारात. मी गंज काढून देतो, वर लेप मारून देतो आणि जाताना प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतो, "गंज कायमचा जात नसतो राजा, तो परत येतोच."

असं एक हौशी पोरगं माझ्याच घरात होतं. माझा मुलगा.

त्याच्या तळहातांना भयंकर घाम यायचा. त्या घामात काय होतं देव जाणे, पण उघड्या लोखंडाला त्याचा हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस डाग हजर. आमच्या धंद्यात असे हात अधूनमधून भेटतात, पण याचे म्हणजे कहर. शाळेत असल्यापासून माझ्या पान्यांवर त्याची बोटं उमटायची. माझा पाना कुणी घेतला होता हे मला कधी विचारावंच लागलं नाही. मीच त्याचं नाव गंज्या पाडलं. पुढं सगळा रस्ता त्याला गंज्या म्हणायला लागला. लग्न झाल्यावर सूनबाईही लाडात आली की तीच हाक मारायची, आणि हा गाढव लाजायचा.

एक जुनी, बुटकी लाल गाडी घेऊन तो दोन वर्षं तिच्यामागे लागला होता. सगळं स्वतः केलं. शेवटचा राहिला होता तो इंजिनावरून आडवा जाणारा पाइप, मनगटाहून जाड, आत थंड हवा नेणारा. तीन आठवडे घासून घासून त्यानं त्याचा आरसा केला होता. त्यावर लेप मी मारायचा असं ठरलं होतं. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो तर स्वारीनं पाइप बसवून टाकलेला, आणि पलीकडचा बोल्ट बघायला वाकताना उघडा पंजा बरोबर त्याच पाइपवर टेकवलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हातमोजे घाल म्हणून किती वेळा सांगायचं रे गाढवा?"

"बाबा, बसतोय का ते बघत होतो फक्त. उद्या काढून देतो की तुम्हाला."

"उद्या डाग पडलेला असेल. तुझा हात लागला की चांगल्या वस्तूचं वाटोळं होतं!"

एरवी मी झापलं की तो हसायचा. माझी नक्कलही करायचा, कमरेवर हात ठेवून. त्या दिवशी हसला नाही. हात पँटला पुसले, बॉनेट हळूच खाली टेकवलं आणि निघून गेला. सूनबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाताना, रस्त्यात कुणाची तरी बंद पडलेली गाडी ढकलायला तो उतरला आणि मागून ट्रक आला. ज्याची गाडी ढकलत होता तो माणूस ओळखीचासुद्धा नव्हता. मी माझ्या मुलाशी बोललेलं शेवटचं वाक्य ते, वाटोळ्याचं.

त्यानंतर आठ महिने सूनबाई आमच्याजवळच राहिली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. घरी यायची, माझ्या बायकोला स्वयंपाकात मदत करायची, मला ताट वाढायची. त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघायची नाही. भात वाढतानासुद्धा ताटाकडे बघायची.

गाडी मागच्या शेडमध्ये होती, झाकून ठेवलेली. दर रविवारी दुपारी सूनबाई एकटीच तिकडं जायची. आच्छादन काढायची, बॉनेट उघडायची आणि डाव्या बाजूला जाऊन अर्धा अर्धा तास उभी राहायची. खिडकीतून तिची फक्त पाठ दिसायची. मला वाटायचं, ही गंज मोजतेय. सासरा गंज काढणारा आणि नवऱ्याची गाडी घरात सडतेय, असं मनात म्हणत असेल. मनाला भयंकर लागायचं, पण त्या गाडीला हात लावायची माझी छाती होत नव्हती.

मग तिला दुसऱ्या गावी मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. महिन्याभरात जायचं होतं आणि जाताना गाडी घेऊन जायची होती. त्या रविवारी ती शेडमधून बाहेर आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, पाइपवरचा गंज आणखी पसरेल का हो?"

"पसरणारच. उघडं लोखंड आहे ते."

"म्हणजे सगळा पाइप तसा होईल?"

"पावसाळा आला की होईल. पण मी आहे ना. तू जायच्या आत बघतो मी."

"नक्की ना? विसरू नका हं, बाबा."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारत बसलो. मला वाटलं, सुटलो. पोराची गाडी त्याच्या बायकोला लख्ख करून द्यायची, ते वाक्य आपल्या हातांनी पुसून काढायचं. बायकोला म्हटलं, "आता बघच तू, कशी करून देतो." तीही बिचारी डोळे पुसत हसली.

आठवडाभर मी दुसरं काम घेतलं नाही. दांडे काढले, ब्रॅकेट काढले, एकेक बोल्ट काढून साफ केला. पाइप शेवटी घेतला. पट्ट्या सैल केल्या, पाइप बाहेर काढला आणि टेबलावर उजेडात ठेवला.

डाग कसला, अख्खा पंजा होता. चार बोटं, बाजूला फाकलेला अंगठा, मधला तळवा. करंगळी टोकाला जराशी वाकडी. लहानपणी झाडावरून पडून मोडली होती, मीच त्याला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे पळवलं होतं. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा उठल्या होत्या.

मी ते सगळं बघितलं. मला दिसलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. दिसलं, आणि मी काय केलं? मी त्याला झापायला लागलो.

"बघ! सांगत होतो की नाही? बापाचं ऐकायचं नाही म्हणजे नाही! बघ काय करून ठेवलंयस!" शेडमध्ये मी एकटा, आणि मोठमोठ्यानं बोलतोय. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. आठ महिन्यांनी पोरगा समोर होता आणि मी नेहमीसारखा त्याच्यावर डाफरत होतो. डाफरत डाफरत करंगळी घासली. मग अंगठा घासला. बोटं पटापट गेली, तळवा काही निघेना, तिथं गंज खोल बसला होता. "चिवट आहेस बापासारखा," म्हणालो, त्यावर ॲसिडचा लेप थापला आणि वीस मिनिटं चहा पीत बसलो. मग धुतलं, वाळवलं, बारीक पॉलिश पेपर मारला, आरशासारखी चकाकी आणली. थिनरनं पुसलं. नवे कोरे हातमोजे घालून पारदर्शक लॅकरचे दोन कोट मारले. इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

रविवारी सूनबाईला स्वतः बोलावून नेलं. बायकोही आली. मी ऐटीत बॉनेट उघडलं.

सगळं लखलखत होतं. सूनबाई आधी हसली. मग नेहमीसारखी डाव्या बाजूला गेली, वाकली, आणि उजवा हात पाइपवर नेला. टेकवला नाही, बोटभर वर अधांतरी धरला. बोटं फाकवली. मग तो हात ती इकडंतिकडं सरकवायला लागली, अंधारात बटण शोधावं तशी.

"बाबा, तो हात कुठाय?"

मी वाकून पाइपकडे बघितलं.

"इथं त्यांचा हात होता. तुम्ही बघितला नाहीत?"

"बघितला," मी म्हणालो.

"मी एकदाही टेकवला नाही हो माझा हात. माझ्या हाताला घाम नाही येत, पण म्हटलं, न जाणो, बिघडेल. नुसता वर धरायचे." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "पसरला तर बोटं दिसेनाशी होतील म्हणून तर तुम्हाला विचारलं मी. तुम्हाला तर कळतं ना यातलं."

कळतं. सगळं कळतं. गंज होता तसा ठेवून वरून लेप मारता येतो, मग तो ना पसरत, ना जात. जुनाट दिसणाऱ्या गाड्यांची हौस असलेल्यांना मी कितीदा तसं करून दिलंय. अर्ध्या तासाचं काम. तिला तेवढंच हवं होतं आणि ते करून देणारा माणूस तिच्यासमोर उभा होता.

"परत येईल ना?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना, गंज परत येतोच म्हणून."

बायकोनं तोंडाला पदर लावला आणि बाहेर गेली. बत्तीस वर्षं ज्याच्या तोंडाला कुणी लागत नाही तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

सूनबाईनं बॉनेट हळूच खाली टेकवलं, अगदी त्याच्यासारखं. "गाडी राहू दे इथंच, बाबा," म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती बसनं गेली. जाताना आम्हा दोघांच्या पाया पडली. पोचल्यावर फोन केला तो बायकोला.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाइपवरचे दोन्ही कोट उतरवले. पाइप उघडा करून पुन्हा जागेवर बसवला आणि जिथं त्याचा तळवा होता तिथं माझा तळहात दाबून धरला. थिनर आणि ॲसिडनं माझे हात कधीच कोरडे ठणठणीत झालेत. काही उमटलं नाही. रोज सकाळी दाबतो, काही उमटत नाही.

पावसाळा लागला तसा पाइपला गंज आलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे सारखा. बायको शेडच्या दारात येऊन विचारते, "आला का हो?" मी नाही म्हणतो, आणि ती चहा ठेवायला आत जाते.