उभा नारळ

मलप्पाने लाल गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबला, तशी शेडच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. गाडी अमेरिकन, दोनच दारांची, आणि नाक एवढं लांब की निम्मी गाडी त्यातच संपलेली. तिचा आवाज ऐकून मलप्पाच्या तोंडावर जे हसू फुटलं, ते त्याच्या लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं.

"बास करा की," त्याची बायको महानंदा कानांवर हात ठेवून म्हणाली. "आपल्या अहमदपूरच्या गल्लीत हे घेऊन शिरलात तर म्हातारी माणसं गचकतील."

बाईचा जीव शेजारच्या काळ्या गाडीवर जडला होता. ती जर्मन. चार दारं, मऊ चामड्याच्या सीटा, आणि चालू केली तरी चालू आहे हे कळू नये इतकी शांत. पण एकदा पळायला लागली की लाल गाडीलाही धूळ चारील, असं शेषेराव सांगत होता. शेषेराव हा या नांदेडच्या यार्डाचा मालक. जुन्या गाड्या विकणारा माणूस जेवढं गोड बोलतो, त्याहून चमचाभर जास्तच गोड बोलायचा.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि गावोगावची माणसं जमिनीला भोकं पाडत सुटली होती. ती भोकं पाडणाऱ्या तीन मशिनी मलप्पाच्या. जग पाण्यावाचून तडफडत असताना त्याचे दिवस पालटले. त्याची त्याला थोडी लाजही वाटायची, पण गाडी घेणं राहावं इतकी नाही. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठलेली. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेबाच्या दारात उतरायचं तर गाडी तशीच पाहिजे. फक्त कोणती, यावर नवरा-बायकोचं सकाळपासून घोडं अडलं होतं.

"अप्पांनाच ठरवू द्या," शेवटी मलप्पा म्हणाला. "अप्पा, नारळ लावून बघा."

त्याचा बाप रेवणप्पा सावलीत नातीजवळ बसला होता. सात वर्षांची सिंधू त्याच्या कपाळावरचं भस्म बोटाने सारखं करत होती. रेवणप्पा पाणाड्या. चाळीस वर्षं त्याने तळहातावर आडवा नारळ ठेवून लोकांची शेतं तुडवली होती. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहायचा. चाकूरपासून औशापर्यंत त्याच्या विहिरींवर बागा पिकल्या. पण गेल्या दोन वर्षांत सात जागा दाखवल्या आणि साती कोरड्या गेल्या. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचा हात गेला. चाकूरच्या हणमंतरावाला त्याने तीन विहिरी दिल्या होत्या, त्यानेही यंदा पाणी शोधणाऱ्या यंत्रवाल्याला बोलावलं. हे जिव्हारी लागलं होतं. तो नुसता तळहात चोळत बसे.

नारळ गाडीच्या पूजेसाठी आणलेलाच होता. मलप्पाने तो बापाच्या हातात ठेवला. त्यात कौल घेण्यापेक्षा बापाचं मन राखण्याचा भाग जास्त होता, आणि ते बापालाही कळत होतं.

लाल गाडीत नारळ आडवाच राहिला. रेवणप्पा उतरला, काळ्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. गाडी बंद होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आत मात्र खोल विहिरीच्या तळाला उतरल्यावर लागतो तसा गारवा होता, आणि कुजलेल्या पाल्याचा बारीक वास.

नारळ हलला. शेंडी वर करून ताठ उभा राहिला. रेवणप्पाने हात तिरका केला, तरी तो पडेना.

"अगं बाई!" दारातून बघणारी महानंदा ओरडली. "उठला! मामांचा नारळ उठला!"

मलप्पा धावत आला. नारळाकडे बघून त्याने बापाचे गुडघेच धरले. "अप्पा, तुमचा हात परत आला!"

रेवणप्पाचे डोळे भरले. चाळीस वर्षांत नारळ इतक्या जोराने कधी उठला नव्हता. डोळे पुसायला त्याने मान वर केली आणि तशीच ठेवली. छताच्या राखाडी कापडावर पिवळट डाग होते. चार बोटं आणि अंगठा. लहान हात. एकच नव्हे, पाच-सहा, एकावर एक, पार मागच्या काचेपर्यंत गेलेले.

"शेषेराव," तो हळूच म्हणाला, "हिच्यात पाणी शिरलेलं हाय."

"हाव, हाय की. मी कशाला लपवू?" शेषेराव म्हणाला. "मद्रासकडच्या पुरातली गाडी हाय. तीन दिवस पाण्याखाली होती म्हणं. आता इंजिन, वायरी, समदं नवं घातलंय."

"पहिला मालक?"

"तो पुन्हा बघायलाच आला न्हाई म्हणत्यात."

"आन् हे वर?"

शेषेरावने आत वाकून बघितलं. "कामावरच्या माणसांचे हात असतील. पुसून देतो."

"एवढे बारके हात?" रेवणप्पा म्हणाला. "मलप्पा, ही गाडी नको."

मलप्पा हसला. "पाणीच शिरलंय ना अप्पा? जळाली तर न्हाई!"

"लक्ष्मी हाय ती, मामा," महानंदा म्हणाली. "कोरड्या गावात पाण्यातली गाडी. तवा तर नारळ उठला."

यंदाच्या साली पाण्याला वाईट म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात शोधून सापडला नसता. रेवणप्पाला अजून बोलायचं होतं, पण तेवढ्यात मलप्पाने फोन लावून नारळ उठल्याचं सांगून टाकलं आणि तो बापाच्या कानाशी धरला. पलीकडे हणमंतराव होता.

"रेवणप्पा, चुकलं आमचं. यंत्रवाल्यानं तीन ठिकाणी धूळच काढली. सोमवारी येता का? बाग जळून चाललीय."

"येतो," रेवणप्पा म्हणाला. तेवढ्या एका शब्दाने त्याची पाठ सरळ झाली, आणि गाडीचं बोलायचं राहूनच गेलं.

पैसे द्यायच्या आधी एक फेरी मारून बघायचं ठरलं. शेषेराव यार्डातच थांबला. पुढे नवरा-बायको, मागे आजा आणि नात. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी लातूर रोडला लागली. टँकर मागे पडत होते. रिकामे हंडे घेऊन रांगेत उभी असलेली माणसं काचेबाहेरून सरकत गेली. नारळ रेवणप्पाच्या मांडीवर होता. तो त्याने पंच्यात गुंडाळून घट्ट दाबून धरला होता, आणि तो पंच्याच्या आत उठू बघत होता.

"अज्जा, पाय भिजले," सिंधू म्हणाली.

त्याने खाली बघितलं. पायपुसणं कोरडं ठणठणीत होतं. सिंधूने मात्र चप्पल काढून पाय वर घेतले होते.

"काय म्हणतीय?" महानंदाने विचारलं.

"पाय भिजले म्हणती."

"बघा!" महानंदा मलप्पाला म्हणाली. "लेकराला बी कळलं. लक्ष्मीचा पायगुण हाय गाडीला."

थोडं पुढे गेल्यावर सिंधू गुडघ्यांवर बसली. मग सीटवर उभीच राहिली. ती घाबरलेली दिसत नव्हती. डबक्यात उतरलेलं पोर फ्रॉक सावरतं, तसा तिने फ्रॉक कमरेशी धरला होता. मग तिने तोही सोडला, हनुवटी वर केली आणि दोन्ही तळवे छताला लावले.

"काय करतीस गं?"

"हितं वर अजून श्वास घेता येतो, अज्जा."

रेवणप्पाने तिला कवेत ओढलं. तिचं अंग थंडगार लागलं.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

"आता पुलापर्यंत जाऊन..."

"मल्या, थांबव! नारळ मी उभा केला. अंगठ्यानं."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. रेवणप्पाने दार ढकललं आणि नातीला घेऊन बाहेरच्या फुफाट्यात उतरला. मलप्पाही उतरला.

"तुम्ही खोटं बोलायलात. तुम्हाला गाडी आवडली न्हाई म्हणून."

"अंगठ्यानं रेटला. लोकांनी पुन्हा बोलवावं म्हणून. खोट्या शकुनाची गाडी दारात नेतोस का तू?"

मलप्पा काय वाट्टेल ते करील, पण फसव्या कौलावर वस्तू घेणार नाही, हे त्याच्या बापाला ठाऊक होतं. मलप्पाचा चेहरा उतरला. पण मशिनी चालवणारा माणूस तो, एकाच भोकावर थांबणारा नव्हता.

"मग परत लावा," तो म्हणाला. "ह्याच गाडीत, माझ्यासमोर. अंगठा दूर धरा. उठला तर उठला, न्हाई तर न्हाई."

रेवणप्पाने हातातल्या पंच्याकडे बघितलं. नारळ उठणार होता. शंभरदा लावला तरी शंभरदा उठणार होता.

"न्हाई उठायचा," तो म्हणाला. "माझ्या हातात कधी काही नव्हतंच."

"कधीच?" मलप्पाचा आवाज चिरकला. "हणमंतरावाच्या तीन विहिरी? आपल्या मळ्यातली? आईला घेऊन गेला होतात, ती तिच्या माहेरची?"

महानंदा काचेआडून बघत होती. सिंधू रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी पिळत होती. पुन्हा पुन्हा पिळत होती आणि मातीत एकही थेंब पडत नव्हता.

"हाव," रेवणप्पा म्हणाला. "समद्या."

मलप्पाने फोन काढला, पाठ फिरवली आणि हणमंतरावाला सोमवारचं नको म्हणून सांगू लागला. रेवणप्पाने नातीला खांद्यावर घेतलं आणि उन्हातून यार्डाकडे चालायला लागला.