अंथऊची वेळ

शहापुराच्या गल्लीत शिरता शिरता नेमगोंडाने वर पाहिले. समोरच्या कौलांवर ऊन होते, पण आता ते नुसते रंगापुरते उरले होते. त्याने पुस्तके काखेत मारली, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि धावत सुटला. दोन्ही अंगांना मागांची खटखट चालू होती. ती थांबायच्या आत घर गाठायचे हा त्याचा नेहमीचा शिरस्ता. विणकर दिवेलागणीला माग थांबवत, आणि दिवेलागणीनंतर आत्तीच्या घरात अन्नाला हात लागत नसे.

भावकू विणकर दारातच उभा होता. त्याला रोज हीच करमणूक.

"पळ रं पळ. सूर्य तुझ्या फुडं हाय आज."

आत्ती, म्हणजे चंपाबाई, उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन थांबली होती. आत दोन ताटे समोरासमोर मांडलेली. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचे, याला त्यांच्यात अंथऊ म्हणतात. बाकी जैन घरांत पोरासोरांना थोडी सूट असे. चंपाबाईने मात्र नवरा गेल्यावर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन जन्मभराचा नेम घेतला होता. तिच्या घरात घड्याळ नव्हते. परसातून येणारे ऊन भिंतीवर चढत चढत खुंटीपर्यंत आले की ती ताटे वाढायची. ते ऊन तिच्याशी कधी खोटे बोलले नव्हते.

दोघे जेवताना फारसे बोलत नसत. नेमगोंडाला काय हवे ते त्याच्याआधी तिला कळे. आमटी संपायच्या आत पळी पुढे येई, भाकरीचा शेवटचा तुकडा मोडायच्या आत दुसरी ताटात पडे. आई गेल्यावर बापाने, कोगनोळीच्या आप्पाण्णाने, त्याला शिकायला म्हणून बहिणीकडे बेळगावात आणून सोडले. तेव्हापासून या घरात "पुरे" म्हणायला तो शिकला, मागायला कधी शिकलाच नाही. चंपाबाई सगळ्यांत शेवटी स्वतःची भाकरी थापायची, लहान आणि पातळ. तिच्या दाढा पडल्या होत्या. ती भाकरी टोपलीत सगळ्यांच्या वर असे.

त्या दिवशी जेवण उरकल्यावर त्याने विषय काढला. काढणे भाग होते, कारण शनिवारी साहेबाला उत्तर द्यायचे होते.

हे साहेबाचे प्रकरण असे. नेमगोंडाच्या हायस्कुलाचे प्रिन्सिपाल हार्डिंग साहेब. त्यांचा भाऊ स्कॉटलंडात एका शाळेचा हेडमास्तर. दोघा भावांनी पत्रापत्री करून ठरवले की तिकडचा एक मुलगा वर्षभर इकडे शिकायला यावा आणि इकडचा एक तिकडे जावा. सोयरिकीत साटेलोटे करतात तसलाच हा व्यवहार, फक्त मुली सोडून मुलांचा. तिकडचा मुलगा ठरलाही होता. त्याचे नाव रॉबर्ट, आणि त्याला म्हणे हत्ती पाहायचा होता. बेळगावच्या कॅम्पात हत्ती कुठून आणणार हा साहेबांचा प्रश्न. इकडून त्यांनी नेमगोंडाला निवडले होते. बोटीपासून बुटांपर्यंत सगळे शाळा बघणार होती, आणि मांसमच्छी ताटात येणार नाही असा शब्द साहेबांनी स्वतः दिला होता.

कोगनोळीत ही बातमी पोचली तेव्हा अर्ध्या गावाने त्याला बॅरिस्टर करून टाकले. उरलेल्या अर्ध्याने तो टोपी घालून आणि मड्डम घेऊनच परत येणार असे भाकीत केले. आप्पाण्णा तंबाखूच्या शेतात होता. त्याने हातातला पाला खाली ठेवला, पोराकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "आक्का म्हणंल तसं. तुला वाढीवलंय तिनं."

खरी गोष्ट अशी की नेमगोंडाला जायची भीती वाटत होती. शहापुरात आला त्या पहिल्या पावसाळ्यात तो वाकळेचा कोपरा दातांत धरून रडायचा, आत्तीला ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हा वाटे, जगात आपल्याला ओळखणारे एकही माणूस जवळ नाही. आणि ते तर बेळगाव होते. मोटारीत बसले की कोगनोळी. आता मध्ये समुद्र येणार होता. पण हे बोलायचे कुणाजवळ? गावाने खांद्यावर घेतलेल्या पोराने मला भीती वाटते म्हणायचे म्हणजे बापाची मान खाली. आत्तीनेच नाही म्हटले असते तर साप मेला असता आणि काठीही मोडली नसती. त्यासाठी त्याच्याजवळ एक हुकमी गोष्ट होती. ती त्याने आज काढली.

"आत्ती, तिकडं थंडीत सूर्य दुपारीच मावळतो. शाळा सुटायच्या आत अंधार. सांजचं जेवण दिवे लावूनच करत्यात."

चंपाबाई ताटे उचलत होती. ती थांबली.

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात रातच्या धा वाजंपर्यंत ऊन."

"म्हंजी तवा सूर्य हाय म्हणून दोनदा जेवायचं व्हय," असे म्हणून ती जराशी हसली. मग हसू विझले. ताटे घेऊन ती परसात गेली आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घासत बसली. नेमगोंडाला वाटले, बाण बरोबर बसला. वाटले, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

पुढचे दोन-तीन दिवस तिने तो विषय काढला नाही. सकाळी बस्तीत मात्र ती रेंगाळू लागली. एकदा नेमगोंडाने तिला पंडितांसमोर बसलेले पाहिले. ती विचारत होती आणि पंडित बोट उचलून काही समजावत होते. ते काय सांगत असणार हे त्याला पाठच होते, कारण पाठशाळेत त्याच पंडितांनी ते घोकून घेतले होते. दोष करणाऱ्याला, करवणाऱ्याला आणि बरे झाले म्हणून मान डोलावणाऱ्याला सारखाच लागतो. आत्ती आयुष्यात कधी मान डोलावणार नाही, याची त्याला सूर्याइतकी खात्री होती. साहेबाला द्यायचे उत्तर त्याने मनात इंग्रजीत जुळवूनही ठेवले. भावकू विणकराने तर आधीच निकाल देऊन टाकला होता, कुठं बी जा, पळसाला पानं तीनच.

शुक्रवारी संध्याकाळी तो असाच धावत आला. उंबऱ्याशी तांब्या घेऊन कुणी उभे नव्हते. आत गेला तर भिंतीवर ऊन खुंटीच्या खालीच होते, अंथऊला अजून वेळ होता. तरी आत्तीचे ताट घासून फळीवर पालथे घातलेले. ती खांबाला टेकून बसली होती.

"मी जेवले," ती म्हणाली. "तू हातपाय धू आन् बस."

"मग वाढ की. ऊन हाय अजून."

"बस म्हटलं न्हवं."

तो बसला. ऊन खुंटीपर्यंत आले, खुंटीवरून वर गेले आणि भिंत सोडून गेले. गल्लीतले माग एकेक करून थांबू लागले. शेवटी भावकूचा माग थांबला आणि गल्ली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. तेव्हा चंपाबाई उठली. तिने कंदील लावला, काच पदराने पुसली, कंदील त्याच्यासमोर ठेवला आणि ताट वाढायला घेतले. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, सगळे उजेडी रांधून झाकून ठेवलेले. नेमगोंडा ताटाकडे बघत राहिला. या घरात दिव्याच्या उजेडात अन्न कसे दिसते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

"आत्ती, दोष लागंल."

"तुला न्हाय. तू नेम घेतलेला न्हाईस, घरची चाल पाळतोस. पंडितांस्नी इचारून आले मी."

"तुला लागंल की. तू वाढलंस."

"मला लागू दे. उद्या उपास करीन." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "परमुलखात पैल्यांदा दिव्याखाली बसशील तवा घास उतरायचा न्हाय तुझा. म्हणून हितंच एक डाव बसून बघ. मी हाय तवर."

कंदिलाभोवती पाखरे जमू लागली. चंपाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली, पदराचे टोक हातात धरून. ताटाकडे येणारे प्रत्येक पाखरू ती अलगद परतवत होती, त्यालाही लागू नये आणि अन्नातही पडू नये अशा बेताने. ती ताटाकडे बघत नव्हती, फक्त पाखरांकडे. नेमगोंडाने पहिला घास घेतला. तो खरेच उतरेना. त्याने पाणी पिऊन उतरवला.

"तू एकटीच जेवलीस?" त्याने विचारले.

"व्हय की. तू यायच्या आदी मी काय उपाशी ऱ्हात हुते? जमतंय." ती एवढे म्हणाली आणि टोपलीतून दुसरी भाकरी काढायला वळली. त्याच्याकडे पाठ करून तिने झाकण उचलले, पण कंदील मागेच होता आणि उजेड टोपलीत सरळ पडला. सगळ्यांच्या वर तिची लहान, पातळ भाकरी होती, अख्खी. तिने ती हळूच बाजूला सारली, खालची काढली आणि झाकण लावून टाकले.

नेमगोंडाच्या तोंडात घास तसाच राहिला. आता अंधार पडला होता. आता ती सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नव्हती, आणि सकाळी उपास. रिकामे ताट समोर ठेवून ती एकटी बसली असेल, आणि मग ते तसेच घासून तिने फळीवर पालथे घातले असेल. एवढ्या मोठ्या घरात, एकट्या बाईने. तो एवढेच म्हणाला असता, आत्ती, तू जेवली नाहीस, मी नाही जात, तर कुणी त्याला भित्रा म्हटले नसते. उलट पोर गुणाचे म्हणून गावाने नावाजले असते. इतके चांगले कारण त्याला पुन्हा मिळणार नव्हते.

चंपाबाई पदराने पाखरे वारत होती. आपल्याला पाहिले हे तिला कळले नव्हते, किंवा कळूनही तिने दाखवले नव्हते. तो खाली मान घालून जेवत राहिला. भूक कधीच मेली होती. दुसरी भाकरी संपली, आणि आज तिचे लक्ष पाखरांत असल्यामुळे पुढची आपोआप ताटात आली नाही. त्याने वाट पाहिली. मग घसा खाकरला.

"आत्ती, अर्धी भाकरी वाढ."

तिचा पदर हवेतच थांबला. इतक्या वर्षांत त्याने या घरात काही मागितलेले तिने ऐकले नव्हते. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्यानेही नजर खाली घेतली नाही. मग तिने टोपली जवळ ओढली, एक भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "तिकडं बी असंच मागून घ्यायचं."

नेमगोंडाने ती अर्धी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.