शेवटचा हात

पहिला दांडका मांडीवर बसला तेव्हा बळीराम ओरडला. नंतर नंतर त्याचं ओरडणंही थांबलं, नुसता घशातून आवाज येऊ लागला. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीसमोरच्या खांबाला त्याला नायलॉनच्या दोरानं बांधलं होतं. त्यानं चोरलेली संत्री पोत्यातून सांडून मारणाऱ्यांच्या पायांखाली चेंगरत होती, आणि त्याच्या नाकातलं रक्त त्या रसात ठिबकत होतं.

नरखेडकडच्या या गावात चोर सापडला की आधी 'हात लावतात', पोलिसांचं नंतर बघतात. संत्र्याच्या बगिच्यात जो हजर असेल, बाई असो की बाप्या, त्यानं एक तरी फटका मारायचाच. सगळ्यांचा हात लागला की साक्षीदार म्हणून कुणी उरत नाही. मयुरा परातेला ही रीत गाववाल्यांपेक्षाही नीट ठाऊक होती, कारण तिचा प्रबंधच या रीतीवर होता.

त्या प्रबंधाचीही चित्तरकथाच. समाजशास्त्रवाले म्हणत, हे मानसशास्त्र. मानसशास्त्रवाले म्हणत, हे समाजशास्त्र. आंतरविद्याशाखीय म्हणजे दोन घरचा पाहुणा, आणि तो उपाशीच राहायचा. वडील गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला. पोरगी डॉक्टर होणार म्हणून ते अभिमानानं सांगत, की गिऱ्हाईक लगेच गुडघेदुखीवर औषध विचारी. पण पोरगी चिवट. दोन वर्षं ती बगिच्याचे मालक मनोहरराव यांच्या घरी राहून लोकांना बोलतं करत होती. कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द तिनं दारोदार दिला होता. मनोहररावांच्या बायकोनं, पुष्पलताबाईंनी, तिला लेकीसारखं वागवलं, तापात रात्र रात्र उशाशी बसल्या. माराच्या गोष्टी तिनं ढीगभर ऐकल्या होत्या. मार मात्र आज पहिल्यांदा बघत होती.

तिनं पोलिसांना फोन केला होता. जीप तालुक्याहून यायची होती, आणि तेवढा वेळ बळीरामपाशी नव्हता.

पुष्पलताबाईंनी पदर खोचला, दांडका घेतला आणि बळीरामच्या खांद्यावर हाणला. ज्या हातांनी मयुराच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या, तेच हात. मग मनोहररावांनी तो दांडका मयुरापुढे धरला.

"घ्या मॅडम. तुमचाच हात राहिला."

"मी नाही मारणार. सोडा त्याला, मरेल तो!"

"सोडतो ना जी. तुमचा लागला का सोडतो."

"आणि नाही लागला तर?"

"मंग पुन्हा पयल्यापासून," मनोहरराव शांतपणे म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. एक जण मागे राहिला की बाकीच्यांना भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस रागावलेल्यापेक्षा जोरात मारतो, असं तिनंच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. शेजारच्या बगिच्यात असाच एक पाहुणा अडून बसला होता, आणि दुसऱ्या फेरीत चोर मेला होता. तिच्या मार्गदर्शक सरांना ते प्रकरण फार आवडलं होतं.

बळीरामनं मान उचलली. एक डोळा पार मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं तो तिच्याकडेच बघत होता.

"ताई, तुमी सांगा ना याइले. लेकराची शप्पत, पुन्हा नाही येत."

"इले काहून ठेवलं गा घरात?" मागून एक जण ओरडला. "पोलिसाले फोन लावून राहिली ते!" आणि त्यानं धावत येऊन बळीरामच्या बरगडीवर दांडका घातला. आत काहीतरी मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

पुष्पलताबाई मयुराच्या कानाशी आल्या. "मार वं माय. हळूच मार. तो बी सुटन, तू बी सुटशीन."

मयुरानं दांडका घेतला आणि बळीरामच्या दंडाला नुसता टेकवला.

"हा का हात झाला?" कुणीतरी विचारलं. दोघं-तिघं पुढे सरकले.

तेव्हा तिनं डोळे मिटून मारला. कोपरावर बसला. ओरडायचा थांबलेला बळीराम असा किंचाळला, की झाडावरची पाखरं उडाली.

झालं. दोर सुटला. एकानं पाणी पाजलं, दुसऱ्यानं संत्री वाहायची गाडी काढली. मारणाऱ्यांनीच त्याला अलगद उचलून गाडीत ठेवलं. दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं मयुराच्या मांडीवर होतं. तो वाचला.

दुपारी दवाखान्यात हवालदार आला. बळीरामच्या कोपराला प्लास्टर होतं. खोलीच्या दारात मनोहरराव, पुष्पलताबाई आणि बगिच्यातले चार-पाच जण उभे होते.

"कोणकोणं मारलं गा?"

बळीरामनं दाराकडे पाहिलं. तोडणीच्या दिवसात त्याला याच लोकांकडे मजुरी मागायची होती.

"अंधार होता साहेब."

"सकाळी अंधार? येडा समजतो का मले?"

बळीरामनं धड हात उचलून मयुराकडे बोट केलं. "हे ताईनं मारलं."

"आन बाकीचे?"

"बाकीचे नाही दिसले. हेच दिसली."

दारातल्या लोकांच्या जिवात जीव आला. मयुराला बोलता आलं असतं. मी मारलं म्हणूनच हा जिवंत आहे, हे पुराव्यासकट मांडायला तिच्याइतकं तयार दुसरं कोण होतं? पण तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. इतक्या जणांत त्यानं मदतीला तिला एकटीलाच हाक मारली होती.

"खरं हाय का मॅडम?"

"खरं आहे. मारलं मी."

"आखीन कोण होतं?"

आजवर या गावात मारणारा कधी साक्षीदार झाला नव्हता. नावं घेतली की दिलेला शब्द गेला, प्रबंध गेला आणि ते घरही गेलं, हे तिला कळत होतं.

"लिहा," ती म्हणाली. "पहिलं नाव माझं, मयुरा पराते. आता बाकीची सांगते."

दारात पुष्पलताबाई उभ्या होत्या. सकाळपासून पोरगी उपाशी म्हणून त्यांनी तिच्यासाठी डबा आणला होता, तो अजून त्यांच्या हातातच होता. मयुरानं दुसरं नाव त्यांच्याकडे बघतच सांगितलं.