लाजरा कोंब

आठशे माणसं सकाळच्या धुक्यात डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून डोंगरावर ओरडत होती. "चहा, कोंब काढ! चहा, कोंब काढ!" सोबत ढोल. थंडीत झोपलेल्या चहाला दरवर्षी असंच उठवतात, त्यात नवल नाही. पण दरवर्षी एक दिवस ओरडतात. यंदाचा हा एकविसावा दिवस होता, झुडपांवर बर्फ होतं आणि निम्म्या लोकांच्या घशातून आता नुसती हवा येत होती.

च्याओन्यांग नुसतं तोंड हलवत होती. तिचे डोळे कचेरीच्या ओसरीतल्या खांबावर खिळले होते. खांबाला तिचा नवरा देंगशुन बांधलेला होता.

देंगशुन खुडणाऱ्यांचा मुकादम. त्याने काही केलं नव्हतं. केलं होतं ते पेई साहेबांनी. साहेब राजधानीतून चहाचे अंमलदार म्हणून आले त्या दिवशी बर्फ पडत होतं. त्यांनी दोन पेले गरम दारू घेतली, खिडकीतून डोंगर पाहिला आणि कविता लिहिली:

*मी आलो, अन् रात्रीत डोंगर जागा झाला,*
*एकशे वीस कोंबांनी मुजरा केला.*

शंभर वृत्तात बसत नव्हते, म्हणून एकशे वीस. कविता घोड्यावरून दरबारी गेली. सम्राट खूश झाले. उत्तर आलं: तेच एकशे वीस कोंब पाठवा.

उत्तर आणणारा स्वार अंगणात बसून शेवया खात होता. उद्या दुपारी तो कोंबांची डबी घेऊन निघणार होता. डबी रिकामी असेल तर तसं का, हे सांगायला सोबत एक माणूस लागणार होता, आणि तो मुकादम ठरला होता. असं सांगायला आजवर तीन जण गेले होते. तिघांच्याही नुसत्या टोप्या परत आल्या होत्या.

दुपारी शेवटी पहारेकऱ्याने तिला खांबाजवळ जाऊ दिलं.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"दोनदा. मा कारकून म्हणाला, प्रवास लांबचा आहे."

"आणि तरीही तुम्ही जेवलात?"

"मग काय करू? भूक लागते गं. घाबरलं की मला जास्तच लागते. च्याओ, माझी निळी टोपी नको देऊस. जुनी दे. परत आली नाही तरी चालेल."

ती घरी आली ती रडायच्या तयारीने. पण डुकरं सकाळपासून उपाशी होती, त्यांच्या किंचाळण्यात रडणं ऐकूही आलं नसतं. कोंडा टाकायला ती डुकरांच्या खोपटामागे गेली आणि थबकली. डुकरांच्या खताच्या ढिगाऱ्यातून वाफा निघत होत्या. ढिगाऱ्याच्या मधोमध आपोआप उगवलेलं चहाचं एक रानटी झुडूप होतं. त्यावर बर्फ नव्हतं. त्यावर कोंब होते, सुईसारखे, पांढरे, शहाण्या मुलांसारखे ओळीत.

तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले. कोंब नखाने खुडायचा असतो, बोटाच्या उबेने तो कोमेजतो. तिने एकेक खुडून झऱ्याच्या पाण्यात टाकला. एकशे अठरा, एकशे एकोणीस. एकशे विसावा बुंध्याजवळ, अगदी खतात, सापडला.

आता तिला वेगळीच भीती वाटू लागली. चहा शेजारचा वास उचलतो. माशाशेजारी ठेवला की मासा होतो. तिने वाडगा हुंगला. डुक्कर. पुन्हा हुंगला. नक्की डुक्कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या ओसरीत मा कारकुनाने चिमट्याने कोंब मोजले. "एकशे वीस, सरकार."

पेई साहेबांनी एकवीस दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतला. मग त्यांच्या मनात शंका आली. भित्र्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? "कुठे मिळाले?"

"वरच्या कड्यावर, सरकार," च्याओन्यांग म्हणाली. "फार घसरडं आहे. सरकारांनी येऊ नये."

"वास कसला येतोय?"

बांधलेल्या देंगशुनने डोळे मिटले. साहेबांनी एक कोंब उचलला, जिभेवर ठेवला, चावला. बराच वेळ चावला.

"कस्तुरी," साहेब म्हणाले. "अस्सल कस्तुरी!"

आणि गिळला.

मा कारकून हळूच खाकरला. "सरकार, आता एकशे एकोणीस."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी छताकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर सावकाश खांबाकडे वळली. "मुकादमाने खाल्ला," ते म्हणाले. "आपण सगळ्यांनी पाहिलं."

"माझे हात बांधलेत, सरकार," देंगशुन म्हणाला.

"तोंड कुठे बांधलंय?"

बाहेर स्वार घोड्याचा पट्टा आवळत होता. च्याओन्यांगने गुडघे टेकले. काय बोलते आहे हे तिला तोंडातून निघेपर्यंत माहीत नव्हतं. "सरकार, एक कोंब लाजला म्हणून लिहा. राजधानीत यायची आपली योग्यता नाही, असं म्हणून तो कड्यावरच थांबला."

साहेब थिजले. मग घाईघाईने शाई मागवली.

*एकशे एकोणीस निघाले दरबारी,*
*एक लाजून राहिला कड्याच्या दारी.*

"बसलं," ते पुटपुटले. "वृत्तातही बसलं."

देंगशुन सुटला. घरी जाऊन तिसऱ्यांदा जेवला.

चाळीस दिवसांनी घोडा परत आला. तोवर डोंगरावर ऊन पडलं होतं. सम्राटांना डबीतले कोंब ठीक वाटले होते, पण लाजरा कोंब फार म्हणजे फार आवडला होता. हुकूम असा होता: त्याला खुडू नये. ज्याने शोधला त्याने पहारा द्यावा. शरदात आम्ही स्वतः पाहायला येऊ.

पेई साहेबांनी हुकूम दोनदा वाचला आणि दाराची चौकट धरली. मग सगळे कड्यावर चढले, हाताला लागेल त्या झुडपावरचा एक कोंब निवडला, आणि मा कारकुनाने त्याच्या देठाला लाल दोरा बांधून वर मेणाची शाही मोहर लावली. म्हणजे बदलायची सोय नाही. शोधणारी त्याची बायको, म्हणून देंगशुनच्या हातात भाला आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी च्याओन्यांग भाताचा डबा घेऊन वर आली, तेव्हा तो भाला टाकून झुडपापुढे ओणवा बसला होता. दोन्ही हातांनी त्याने कोंबावर सावली धरली होती.

"काय झालं?"

"हळू बोल," तो म्हणाला. "उमलतोय."

तिने वाकून पाहिलं. लाल दोऱ्याच्या वर पांढरी सुई फाटली होती. आतून एक हिरवं पान कडेने बाहेर येत होतं, आणि चांगलं तेजदार होतं.

"थांबवा ना त्याला, शरद अजून लांब आहे," ती म्हणाली.

"कसं?"

तिने भाताचा डबा खाली ठेवला, त्याच्या शेजारी बसली आणि पानावर गार फुंकर घालू लागली. पान हललं. मग आणखी थोडं उघडलं.