गुणाबाईचं कोरं कार्ड

मी गुणाबाईचं कार्ड बोलतोय. 'बिडी कामगाराचं ओळखपत्र' असं माझ्यावर छापलंय, पण आसगावात मला एवढ्या मोठ्या नावानं कोणी ओळखत नाही.

मी १९८१ साली तिच्या हाती आलो. मला पवनीच्या बिडी कामगारांच्या दवाखान्यात दाखवलं की तपासणी आणि औषध फुकट. तिला आणि तिच्या घरच्यांनाही. देणाऱ्या साहेबानं हे घाईत सांगितलं, तिनं अर्धंच ऐकलं. तिचा नवरा बुधराम तलावात मासे धरायचा. तो म्हणाला, "मोठ्या दुखण्यासाठी ठेव. वापरलं का संपते." तिला पटलं. घरातलं तेल-मीठ वापरलं की संपतंच ना! तिनं मला पातळाच्या घडीत घालून पेटीत ठेवलं.

पेटीत अंधार होता, पण बाहेरचं ऐकू यायचं. शेजारची बायाबाई रोज ओसरीवर यायची. दोघी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, बोलत बसायच्या. हळूहळू बायाबाईच्या बोलण्यात खोकला शिरला. तिनंही आपलं कार्ड असंच जपलं होतं. ते बाहेर निघालं तेव्हा थुंकीत रक्त पडू लागलं होतं. क्षय निघाला. पवनीच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि मग एकाएकी थांबल्या. तिच्या कार्डावर नोंदींना जागा उरली नव्हती. ते संपलं असं समजून ती घरीच निजून राहिली.

गुणाबाईनं तिला तसं पाहिलं आणि घरी येऊन पेटी उघडली. उद्या तुलाच काही झालं तर, असं बुधरामनं विचारलं.

"झालं तवा पाहू. तिले तं आता झालं हाये."

सकाळी बुधरामनंच दोघींना एसटीत बसवून दिलं.

दवाखान्यात गुणाबाईनं मला टेबलावर ठेवलं. "डॉक्टरबाई, हे हिच्या नावानं करा. हिचं सरलं. माह्यं कोरंच हाये."

डॉक्टरबाईंनी मला उलटून पाहिलं. त्या हसल्या नाहीत. एकाचं कार्ड दुसऱ्याला चालत नाही, आणि बायाबाईचंही संपलेलं नाही, नोंदींसाठी नवा कागद जोडला की झालं, असं त्यांनी समजावलं. मग गुणाबाईला विचारलं, की तू कधी तपासून घेतलंस का?

"मले काही झालंच नाही."

"काही व्हायच्या आधी तपासायलाही हे कार्ड आहे, बाई. तू रोज हिच्याजवळ बसतेस ना?"

छातीचा फोटो काढला. फुप्फुसावर लहानसा डाग निघाला. खोकला अजून सुरूही झाला नव्हता. गुणाबाई बाकावर बसून रडू लागली. जिला धड उभं राहवत नव्हतं त्या बायाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता दोघी संगंच येऊ."

आणि त्या दोघी येत राहिल्या. गुणाबाई लवकर बरी झाली. बायाबाईला वेळ लागला. अजूनही चार पावलं चालली की तिला धाप लागते. पण ती आहे.

आता माझे कोपरे झिजलेत, घडीवर चीर पडलीय. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याही पेटीत माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला एवढं जपू नका.

आज गुणाबाईनं आपल्या लेकीला, निर्मलाला, आणलंय. पोरगी चांगली धडधाकट आहे. हिला काय झालं, असं नर्सबाईनं विचारलं.

"काही नाही झालं," गुणाबाई म्हणाली, "म्हणूनच आणलं."

येतो मी. आमचा नंबर लागला.