टोला श्रमिकचा की प्रभातचा?

मी रुळाचा तुकडा बोलतोय. जोरात बोलतोय, कारण हळू बोलायचं मला कोणी शिकवलंच नाही. माझ्यावर हातोडी पडली की अर्धी वस्ती कान टवकारते. लांबीनं मी दोन हात, पण उचलायला दोघं लागतात आणि तिसरा नुसता ओरडायला. भिलाईतल्या दोन कॉलेजांनी माझ्यापायी वर्षानुवर्षं फुटबॉलच्या मैदानात एकमेकांच्या नडग्या फोडल्या आहेत. एवढा मान चांदीच्या कपालाही मिळत नसेल. हो, मला गर्व आहे, आणि तो लपवायला मला जमत नाही.

माझा जन्म पोलाद कारखान्यातला, रेल मिलमधला. तिथं लालभडक रूळ लांबच लांब धावत येतो आणि त्याची दोन्ही टोकं करवतीनं छाटली जातात. मधला रूळ गाडीखाली जातो, देश बघतो. छाटलेलं टोक परत भट्टीत जातं. मी तसलंच एक टोक. जन्मल्या जन्मल्या मला पुन्हा वितळायला निघायचं होतं.

वाचवलं देवरावनं. देवराव मिलमध्ये कामाला होता. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, खुर्सीपारला राहायचा. छत्तीसगड राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि खुर्सीपारला पत्र्याच्या शेडमध्ये श्रमिक कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. देवरावचा मुलगा तिथं पहिल्या वर्षाला होता, पण कॉलेजात तास बदलल्याची घंटाच नव्हती. देवरावनं साहेबाला विचारून, रीतसर गेटपास काढून मला बाहेर आणलं, कमरेत भोक पाडलं, साखळी ओवली आणि कॉलेजच्या कडुलिंबाला टांगलं. पहिला टोला त्यानंच मारला. आपला आवाज ऐकून मीच दचकलो.

तो टोला ऐकायला देवरावचा मित्र रामाजी आला होता. रामाजी नागपूरकडचा, रेल्वेतला माणूस. दुर्ग लाइनवर रूळ तपासत मैलोगणती पायी फिरायचा. घर भिलाईच्या दुसऱ्या टोकाला, रिसालीला आणि मुलगा रिसालीच्याच प्रभात कॉलेजात. माझ्याभोवती एक चक्कर मारून, मला थोपटून तो म्हणाला, "देवराव, हा तं रेल्वेचा माल आहे. आमच्या कॉलेजात पायजे."

"कावून बे? बनवला कोनं? म्या."

"बनवला असशीन. पन याच्यावर जिंदगीभर चालून कोन राहिला? मी. तुले तं रूळ फकस्त गरमच माहीत."

झालं, लागली जुंपली. दोघांचं भांडण दोघांच्या मुलांपर्यंत गेलं आणि मुलांकडून दोन्ही कॉलेजांत पसरलं. शेवटी ठरलं की विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी श्रमिक आणि प्रभातनं फुटबॉल खेळायचा. जो जिंकेल त्याच्या आवारात मी वर्षभर टोले द्यायचे.

नियम दोघा मित्रांनीच घातले. मी ज्याच्याकडे असेन त्याच्या मैदानात सामना. सुरुवात माझ्या टोल्यानं आणि शेवटही माझ्याच टोल्यानं. टोला ऐकू येईपर्यंत खेळ चालू, कारण देवरावचा रामाजीच्या घड्याळावर भरवसा नव्हता आणि रामाजीचा देवरावच्या. बरोबरी झाली तर मी आहे तिथंच राहणार आणि तो विजयच धरायचा. जिंकलेल्या कप्तानानं विजयाचा टोला मारायचा. मग हरलेल्यांनी मला आपल्या हातांनी सोडवून बांबूला अडकवायचं आणि पहिला खांदाही त्यांनीच द्यायचा. "मयतीवानी," असं रामाजी कुरकुरायचा, पण खांदा द्यायला सगळ्यात पुढे तोच असायचा.

अशी माझी वर्षं जाऊ लागली, कधी खुर्सीपारला, कधी रिसालीला. माणसांची गंमत मी टांगल्या जागेवरून भरपूर पाहिली. सकाळचा माझा पहिला टोला कोणालाच आवडत नाही आणि शेवटच्या टोल्यावर सगळ्यांचा जीव. आवाज दोन्हींचा तोच असतो. परीक्षेच्या दिवशी पोरं मला हात लावून नमस्कार करतात आणि पेपर अवघड गेला की जाताना मलाच लाथ मारतात. नंतर लंगडत घरी जातात.

पुढं पोरं क्रिकेटच्या मागं लागली. एका वर्षी दोन्ही कॉलेजांना अकरा-अकरा जण मिळेनात. मला वाटलं, आपलं संपलं. तेवढ्यात पोरी म्हणाल्या, आम्ही उतरतो. उतरल्या त्या अशा की पोरांचे सामने मला मिळमिळीत वाटायला लागले.

आता देवरावची एक करामत सांगतो. श्रमिक एकदा ओळीनं तीन वर्षं जिंकलं. देवरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि तो सगळ्यांसमोर बोलून गेला, "जो लगातार सात वर्षं जिंकन, त्यानं हा कायमचा ठेवून घ्यावा. मॅच खतम." रामाजीनं तिथल्या तिथं टाळी दिली. चौथ्या वर्षी श्रमिक हरलं, पण तो शब्द नियम होऊन बसला. आणि परवापरवापर्यंतची गोष्ट अशी, की प्रभातच्या पोरी ओळीनं सहा वर्षं जिंकल्या होत्या.

यंदाचं सातवं वर्ष. प्रभात जिंकलं, नुसती बरोबरी झाली तरी, मी कायमचा रिसालीचा होणार होतो आणि सामना बंद. श्रमिकच्या प्राचार्यांनी तर आधीच सांगून टाकलं होतं की सामनाच राहिला नाही तर टीम तरी कशाला, मैदानावर गाड्यांसाठी शेड घालू. ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली रोशनीला. रोशनी श्रमिकची कप्तान, शेवटच्या वर्षाला. सकाळी आईच्या चहाच्या टपरीवर हात चालवायचा आणि मग मैदानात पाय, असा तिचा दिवस. तिच्या मागं टीममध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरी होत्या. त्यांना ती खेळायला शिकवत होती आणि त्यांचंच मैदान जाणार होतं.

प्रभातचे खेळाचे सर म्हणजे सुजय सर. माणूस वाईट नाही, पण घाईचा. विजय त्यांनी खिशातच घातला होता. कॉलेजच्या फाटकाला नवी लोखंडी कमान उभी केली, पाहुणे बोलावले आणि ठरवलं की मला कमानीच्या खांबाला कायमचं वेल्डिंग करून टाकायचं, म्हणजे सामना संपताच फोटो. पण दिवस निवडला विश्वकर्मा पूजेचा. आता भिलाईत त्या दिवशी कोण औजार हातात घेतं? सगळी औजारं धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून पाटावर बसलेली. सरांनी ज्या ज्या वेल्डरला विचारलं त्यानं हात जोडले आणि हातावर बुंदीचा प्रसाद ठेवला. मग सरांनी कोणाचं तरी मशीन मागून आणलं आणि स्वतःच सुरू झाले.

दरवर्षी पूजेच्या दिवशी दोन्ही टीम मला कुंकू लावायला येतात. रोशनी पोरींना घेऊन आली तेव्हा मी खांबाला उभा धरलेला आणि माझ्या अंगावर ठिणग्या उडत होत्या.

"सर, आज कोनी मशीन चालवते का?"

"अगं, उद्यापासून हा इथंच राहणार आहे. आज काय नि उद्या काय."

रोशनीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ते असं दाबून की बोटाचा ठसाच उमटला. भक्तीनं नाही, रागानं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी रोशनीच्या बाजूचा झालो. इतकी वर्षं मी कोणाचाच नव्हतो. जो जिंकेल त्याचा, मला काय. पण टांगलेला रूळ बोलतो, चिकटवलेला रूळ मुका होतो, हे मला त्या ठिणग्यांमध्ये कळलं. उद्या प्रभात जिंकलं तर मी जन्मभराचा मुका.

दुसऱ्या दिवशी फाटकापासून मैदानापर्यंत माणसंच माणसं. देवराव आणि रामाजी, दोघं आता काठी टेकत चालतात, तरी एकाच बाकावर येऊन बसले. दुर्गहून आलेले पंच माझ्याजवळ उभे राहिले आणि सरांनी सुरुवातीचा टोला मारला. आवाज आला, थप्प. भिजलेल्या गोणीवर काठी मारावी तसा. पोरी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देवरावनं मान हलवली. "याचा तं गळाच बसला रे रामाजी."

"तुयावानीच," रामाजी म्हणाला, पण हसला नाही. त्यालाही ते आवडलेलं नव्हतं.

पंच म्हणाले, "साखळीवर टांगा. शेवटी मैदानाच्या त्या टोकाला ऐकू येणार नाही."

"येईल, येईल," सर म्हणाले. "आता काय काढता येतोय तो?"

खेळ सुरू झाला. प्रभातची कप्तान नीतू, उंचपुरी, पायात वारा. तिनं पहिल्याच दमात गोल केला आणि रिसाली नाचायला लागली. श्रमिकच्या पोरी पडत होत्या, उठत होत्या. एकीचा गुडघा फुटला, तिनं त्याला माती लावली आणि पुन्हा पळाली. मध्यंतरानंतर दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीनं रोशनीचा पास डोक्यानं आत ढकलला आणि बरोबरी झाली. देवराव बाकावर उभा राहिला, रामाजीनं त्याला धोतर धरून खाली बसवलं.

पण बरोबरी म्हणजे प्रभातच. वेळ सरत आली. प्रभातच्या पोरी चेंडू लांब मारून वेळ काढत होत्या, श्रमिकच्या पोरी त्यामागं धावून धावून दमल्या होत्या. चेंडू पार पलीकडच्या टोकाला होता तेव्हा सरांनी घड्याळ बघितलं आणि माझ्यावर शेवटचा टोला मारला. थप्प. परत मारला. थप्प. कोणाच्या कानावरही गेला नाही. लोक ओरडत होते, पंच तिकडं चेंडूमागं पळत होते. सर हातोडी घेऊन बडवतायत आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खुशाल गप्प. जो मुकेपणा मला दिला होता तोच मी त्यांना परत देत होतो.

तिकडं रोशनीनं चेंडू अडवला. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं. नीतू तिच्या खांद्याला खांदा लावून जीव तोडून पळत होती. गोलकीपर पुढं आली आणि रोशनीनं डाव्या पायानं चेंडू तिच्या बाजूनं जाळ्यात घातला. दोन-एक. खुर्सीपारवाल्यांनी जो गलका केला, त्यात माझा उरलासुरला थप्पही बुडाला.

सर धावत मैदानात गेले. "गोल नाही. टोला आधीच झालाय. मी चारदा मारला."

पंचांनी हात वर केला. "मला ऐकू आला नाही. तुमचा नियम काय आहे?"

बाकावरून रामाजीच बोलला, प्रभातचा रामाजी. "टोला आयकू येईपर्यंत खेळ चालू. म्याच घातला हा नियम. याच्या घड्याळापायी."

सर नीतूकडे वळले. "नीतू, तू सांग. खेळ थांबला होता ना?"

नीतू धापा टाकत होती. डोळ्यांत पाणी होतं. "नाही, सर. मी तिले रोकायसाठी पूरा जोर लावून पळत होती. टोला ऐकला असता तर कशाला पळली असती? गोल हुआ है, सर."

पंचांनी गोल धरला आणि वेळ संपल्याची शिट्टी मारली. श्रमिक जिंकलं. आणि मी, मुका असलो तरी, खांबात उभा राहून आतून वाजत होतो.

"मग काढा आता याला," देवराव काठी आपटत फाटकाशी आला. सर खाली बघत म्हणाले, "वेल्ड आहे हो. कटर आणावं लागेल. उद्या-परवा बघू."

"विजयाचा टोला तं आजच मारते ना कप्तान," रामाजी म्हणाला आणि त्यानं हातोडी रोशनीच्या हातात दिली.

रोशनीनं दोन्ही हातांनी हातोडी उचलली. कॉलेजचं सहा वर्षांचं हरणं, ती पार्किंगची शेड, कालच्या ठिणग्या, सगळं तिनं त्या घावात घातलं. खांब हादरला आणि सरांचं वरचं वेल्ड तडकलं. लोक मागं सरले. दुसरा घाव बसला तसं खालचंही सुटलं आणि मी खांबावरून निसटून मातीत येऊन पडलो. भिलाईत कारखान्यातल्या माणसांनी खच्चून हसावं असा प्रसंग रोज येत नाही. सरही शेवटी हसले, कपाळावर हात मारून. कोणीतरी म्हणालं, विश्वकर्म्याच्या दिवशी औजार चालवल्यावर दुसरं काय होणार.

साखळी आली, बांबू आला. पहिला खांदा नीतूनं दिला आणि तो रिसालीची हद्द संपली तरी सोडला नाही. रस्ताभर लोक दारात उभे होते. खुर्सीपारला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अंजनाबाई, रोशनीची आई, टपरी बंद करून ओवाळायला उभी होती, आणि प्राचार्य सगळ्यांच्या पुढे हार घेऊन. मैदानात शेडसाठी टाकलेले पाइप त्यांनी दुसऱ्याच दिवशी उचलायला लावले. त्यांचे म्हणे गोलपोस्ट होणार आहेत.

आता मी खुर्सीपारच्या कडुलिंबाला टांगलेला आहे. पाठीवर वेल्डिंगचे दोन व्रण आहेत, ते मी मिरवतो. मैदानात सकाळी इतक्या नव्या पोरी येतात की रोशनीला ओरडून ओरडून घसा बसतो. मला जिंका, न्या, बडवा, लाथाही मारा. फक्त कुठं चिकटवू नका, एवढंच माझं सांगणं.

त्या संध्याकाळी मला टांगल्यावर पहिला टोला मारायला सगळ्यांनी देवरावला पुढं केलं. त्यानं हातोडी घेतली, तोलून बघितली आणि रामाजीच्या हातात दिली. "मार. रिसालीपर्यंत गेला पायजे."

रामाजीनं मारला. माझा आवाज पत्र्यांवरून, गल्ल्यांवरून, टाउनशिपच्या झाडांवरून गेला, थांबेचना. नीतू, प्रभातच्या पोरींनो, पोचला का तिकडं? पोचला असेल तर या मला न्यायला. बघू, जमतं का.